मोजली कुणी?

दिवाळीच्या आगेमागे आंदर मावळात पाहुणा म्हणून जाऊ नये. घरात कुणी भेटत नाही. कान्हे फाट्यावरून टाकवे, टाकव्यावरून वडेश्वर आणि पुढे ठोकरवाडी धरणाच्या पाण्याकडे रस्ता निघतो, तोवर दोन्ही अंगांना इंद्रायणी भाताची कापणी चाललेली असते. ज्याच्या हातात विळा नाही तो माणूस त्या दिवसांत कुणाच्याच उपयोगाचा नसतो. मी तरी दरवर्षी जातो. मित्राचं घर आहे, नवा तांदूळ मिळतो आणि खळ्याच्या कडेला बसून वाचायला मिळतं.

गेल्या खेपेला पिशवीत एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. पुण्यात फुटपाथवरच्या ढिगातून उचललेलं, १९७० साली पहिल्यांदा छापलेलं, टॉलिव्हर आणि कॉन्स्टेबल या दोघांनी लिहिलेलं. आत सोनेरी केसांच्या, गळ्यात पदक अडकवलेल्या एका कोवळ्या पोराचे फोटो. मित्राचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, पेंढ्या रचता रचता वाकून बघायला लागले.

"कोण रे हा?"

"जर्मन आहे, आबा. लढाऊ विमान चालवायचा. दुसऱ्या महायुद्धात त्यानं तीनशे बावन्न विमानं पाडली. जगात एवढी दुसऱ्या कुणीच पाडली नाहीत."

आबांनी हातातली पेंढी रचली, कपाळ पुसलं आणि विचारलं, "मोजली कुणी?"

मला हसू आलं. मग लक्षात आलं, की एरिक हार्टमन या माणसाबद्दल इतिहासाचे अभ्यासक इतकी वर्षं जो वाद घालताहेत, त्याचा गाभा आबांनी दोन शब्दांत सांगितला होता.

त्या दिवशी कामशेतच्या बाजूला आकाशात दोन-तीन रंगीत ठिपके तरंगत होते. पॅराग्लायडिंगवाले. पाऊस सरला की ते येतात आणि उन्हाळ्यापर्यंत असतात. आबा त्यांना छत्रीवाले म्हणतात. या मंडळींना इंजिन नसतं. ती घारीवर डोळा ठेवून उडतात. कापलेलं खाचर दुपारी तापतं, त्यावरची हवा हलकी होऊन वर निघते, आणि घार पंख न हलवता त्या हवेत घिरट्या घेत चढत जाते. घार जिथे चढते तिथे छत्रीही चढते.

हार्टमन उडायला शिकला तो असाच. त्याचा जन्म १९ एप्रिल १९२२ चा, दक्षिण जर्मनीतल्या वाइसाख गावचा. (आमच्या ठोकरवाडीचं पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात पडायला लागलं ते याच वर्षी, एवढा एक धागा मला सापडला.) बाप डॉक्टर. पोराच्या लहानपणी काही वर्षं सगळं कुटुंब चीनमध्ये चांगशा शहरात होतं. तिथे दंगे वाढल्यावर परत आलं आणि वाइल इम शोनबुख या गावात स्थिरावलं. आई एलिझाबेथ मात्र त्या काळात विरळा म्हणावी अशी होती. ती स्वतः विमान चालवायची, आणि १९३६ मध्ये तिने गावातल्या पोरांसाठी ग्लायडरचा क्लब काढला. आपल्याकडे आया पोरांना पोहायला शिकवतात, तसं या बाईने उडायला शिकवलं.

ग्लायडरच का, याचं उत्तर तहात आहे. पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लढाऊ हवाई दल ठेवायला बंदी केली. बिनइंजिनाच्या विमानाबद्दल तह गप्प होता. मग १९२० पासून ऱ्होन डोंगरात वासरकुप्पं नावाच्या टेकाडावर ग्लायडरच्या स्पर्धा भरायला लागल्या आणि सगळ्या देशाला त्याचं वेड लागलं. हिटलर आला तेव्हा वाऱ्यावर स्वार व्हायला शिकलेली एक पिढी त्याला तयार मिळाली. गाल्लांडसारखे गाजलेले लढाऊ वैमानिक, हार्टमन, सगळे या शाळेतले. किशोरवयातच हार्टमन हिटलरच्या युवक संघटनेत ग्लायडरचा शिक्षक होता.

ग्लायडर माणसाला एक गोष्ट शिकवतो: उतरायला एकच संधी असते. चुकलं तर इंजिन वाढवून पुन्हा फेरी मारता येत नाही. हार्टमनने पुढे शत्रूच्या विमानाच्या तुकड्यांमुळे किंवा यंत्र बिघडल्यामुळे दहा-बारापेक्षा जास्त वेळा विमान पोटावर आपटून उतरवलं आणि तो प्रत्येक वेळी चालत बाहेर आला. त्याचं श्रेय मी आईच्या क्लबाला देतो.

थोडं विषयांतर करतो. या जर्मन ग्लायडरवेडाचा एक तुकडा आपल्याकडेही आला होता. हॅना राइट्श ही हिटलरच्या काळातली गाजलेली चाचणी वैमानिक १९५९ मध्ये भारतात आली, ग्लायडिंग शिकवलं आणि पंडित नेहरूंना दिल्लीवर ग्लायडरमधून फिरवून आणलं. त्याआधी १९५६ मध्ये फॉके-वुल्फ १९० या लढाऊ विमानाचा जनक कुर्ट टांक बंगळूरला येऊन बसला, आणि त्याच्या आराखड्यातून १९६१ मध्ये आपलं 'मरुत' उडालं. बुद्धी आली, ते चांगलंच झालं. पण त्या बुद्धीमागून आपल्याकडे जर्मन शिस्तीबद्दल जो भाबडा आदर आला, त्याचं मला कौतुक नाही. हार्टमनचं पुस्तक मी ज्या फुटपाथवर घेतलं तिथेच हिटलरचं आत्मचरित्र मराठीत, इंग्रजीत, तीन वेगवेगळ्या मुखपृष्ठांत मांडलेलं होतं. विकणाऱ्याने मला दोन्ही मिळून कमी करून देतो म्हटलं.

हार्टमन ऑक्टोबर १९४० मध्ये हवाई दलात दाखल झाला. योगायोग असा, की त्याच्या पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९४० मध्ये, मुंबईचा एक वीस वर्षांचा तरुण भारतीय हवाई दलात अधिकारी झाला. हृषीकेश मुळगावकर. हार्टमनपेक्षा दोन वर्षांनी मोठे. दोघे एकाच युद्धात, विरुद्ध बाजूंना. मुळगावकर पुढे १९४७-४८ च्या काश्मीर लढाईत महावीरचक्राचे मानकरी ठरले, १९७६ ते ७८ हवाई दलप्रमुख होते, आणि २०१५ मध्ये पुण्यात वारले. त्यांनी किती विमानं पाडली, असं त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. त्या युद्धात भारतीय हवाई दलाचं काम ब्रह्मदेशच्या जंगलावर टेहळणीचं आणि जमिनीवरच्या फौजेला मदतीचं होतं. हवेत पाडलेली शत्रूची विमानं त्यांच्या खात्यावर जवळपास नाहीतच. तरी त्या कामाचा मान म्हणून १९४५ मध्ये दलाच्या नावामागे 'रॉयल' लागलं. आकड्याशिवायही सैनिकाची किंमत ठरते, ती अशी.

मराठी माणसाने जर्मन विमानं पाहिली ती बहुतेक खालून. मराठा पलटणीची दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत तोब्रुकला जर्मन सेनापती रोमेलच्या हाती सापडली, तेव्हा डोक्यावर स्टुका बॉम्बफेकी विमानं घोंघावत होती. त्याच महिन्यात त्याच आघाडीवर मार्सेय नावाचा बावीस वर्षांचा आणखी एक जर्मन पोरगा आपले आकडे वाढवत होता. त्याचे १५८ झाले आणि सप्टेंबरअखेर तो विमानातून उडी मारताना मेला. त्याचं चरित्र तिथेच संपतं. हार्टमनचं संपत नाही, म्हणून तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्याचं शिक्षण दोन वर्षं चाललं. पुढे १९४४ मध्ये जर्मनी जी पोरं चिमूटभर सरावावर लढायला पाठवत होती, त्यांच्या मानाने ही चैनच. मार्च १९४२ मध्ये त्याने विमानतळावर कसरती करून दाखवल्या म्हणून आठवडाभर खोलीत कोंडण्याची शिक्षा झाली. त्या दिवसांत त्याच्या वाट्याची फेरी खोलीतल्या सोबत्याने घेतली. इंजिन बंद पडलं आणि सोबती मेला. शिस्तभंगाने वाचलेला माणूस, असं म्हणायला हरकत नाही.

ऑक्टोबर १९४२ मध्ये तो कॉकेशसमध्ये ५२ व्या लढाऊ विमानदलात पोहोचला. पहिल्याच फेरीत त्याने घोळांची मालिका केली. जोडीदाराला सोडून पुढे धावला, मग मागे लागलेला आपलाच म्होरक्या शत्रू समजून पळाला, इंधन संपवलं आणि विमान शेतात आपटलं. वरिष्ठाने तीन दिवस मेकॅनिकांच्या हाताखाली राबायला लावलं. ५ नोव्हेंबरला पहिलं विमान पाडलं, जमिनीवर हल्ला करणारं सोव्हिएत इल-२. त्याचेच तुकडे लागून याचंही विमान खाली आलं.

दलात त्याला 'बुबी' म्हणायचे. आपल्याकडच्या 'बाळ्या'सारखं. वयाने आणि चेहऱ्यानेही तो तसाच होता. पण हा बाळ्या पटकन शिकला, आणि शिकला तो एका अधू माणसाकडून. रोसमान या जुन्या वैमानिकाचा हात जखमी होता, त्यामुळे विमान गरागरा फिरवत झुंजायची त्याला सोय नव्हती. तो लांबून हेरायचा, उंचीवरून जवळ यायचा, एकदाच मारायचा आणि निघून जायचा. हार्टमनने ही अडचणच आपली पद्धत केली. पुढे क्रुपिन्स्की नावाच्या बेफिकीर म्होरक्याने त्यात एक शब्द घातला: आणखी जवळ जा. हार्टमन सांगायचा, की समोरची काच शत्रूच्या विमानाने पूर्ण भरेपर्यंत मी बोट दाबत नसे. एवढ्या जवळून नेमबाजी यावी लागत नाही, छाती लागते.

पद्धतीच्या चार पायऱ्या होत्या: बघ, ठरव, मार, निघ. यातली 'ठरव' ही पायरी त्याला सगळ्यात मोलाची वाटे. जागा बरी नाही, उंची कमी आहे, असं दिसलं की मारायचं नाही, सोडून द्यायचं. आपला जोडीदार कधी गमावला नाही याचा त्याला ३५२ पेक्षा जास्त अभिमान होता. एक जोडीदार पाडला गेला होता, पण तो छत्रीने उतरून जिवंत राहिला. हार्टमन ते लपवत नसे.

७ जुलै १९४३ ला, कुर्स्कच्या लढाईत, एका दिवसात सात. २० ऑगस्टला मात्र पाडलेल्या विमानाचे तुकडे लागून तो रशियनांच्या बाजूला उतरला. सैनिक धावत आले तेव्हा त्याने पोटात जखम झाल्याचं सोंग केलं. हात लावला की किंचाळायचा. त्यांनी त्याला ताडपत्रीत उचलून ट्रकमध्ये टाकलं. वाटेत जर्मन स्टुका आल्या, पहारेकऱ्याचं लक्ष वर गेलं, याने त्याला धक्का मारला आणि ट्रकमधून उडी टाकून सूर्यफुलांच्या शेतात घुसला. दिवसभर लपला, रात्री चालला, आणि पहाटे आपल्याच पहारेकऱ्याने झाडलेली गोळी पँटमधून आरपार गेली. इकडे त्याचा मेकॅनिक मेर्टेन्स खांद्यावर बंदूक टाकून त्याला शोधायला एकटाच शत्रूच्या हद्दीत निघून गेला होता.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्या बंदूकवाल्याचं काय झालं?" तोही सुखरूप परत आला, म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. त्यांना गोष्टीतला नायक तोच वाटला असावा.

आता मोजणीकडे. जर्मन पद्धत कागदावर कडक होती. कुठे, किती वाजता, किती उंचीवर, कोणतं विमान, साक्षीदार कोण, असा सगळा तक्ता भरायचा. मग तो वरवर चढत बर्लिनला जायचा. हार्टमनच्या नावावर ३५२ जमली: ३४५ सोव्हिएत, सात अमेरिकन. फेऱ्या १,४०४, प्रत्यक्ष झुंजी ८२५.

पण हवेतली झुंज काही सेकंदांची असते. धूर सोडत खाली गेलेलं विमान पाडलं असं वाटतं, ते ढगाखालून सावरून घरी जातं. एकाच विमानावर तिघे गोळ्या झाडतात, तिघेही आपलं म्हणतात. सगळ्या देशांत हे झालं. सोव्हिएत दस्तऐवज खुले झाल्यावर काही अभ्यासकांनी तारीखवार नोंदी जुळवून पाहिल्या, आणि हार्टमनचे बरेच दावे समोरच्या नुकसानीशी जुळत नाहीत असं त्यांना आढळलं. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, सोव्हिएत नोंदीच अर्धवट. हे आपल्याला परकं नाही. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर बोयऱ्याच्या आकाशात आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानची तीन सेबर विमानं पाडली असं आपण मानतो. पाकिस्तान दोन कबूल करतं, तिसरं घरी पोहोचलं म्हणतं.

माझं मत विचाराल तर, आकडा दोनशे असो की तीनशे बावन्न, माणूस जगात सर्वांत जास्त विमानं पाडणाऱ्यांच्या रांगेतच राहतो. जास्त महत्त्वाचा प्रश्न असा, की एवढा आकडा जर्मनांचाच का? सोव्हिएत संघाचा कोझेदुब ६२ वर, अमेरिकेचा बाँग ४० वर. बाँगला पुरे झालं म्हणून घरी पाठवून दिलं होतं. अमेरिकन आणि ब्रिटिश वैमानिकाला ठरावीक काळ लढल्यावर मागे आणायचे, नव्यांना शिकवायला लावायचे. जर्मन वैमानिक मरेपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत आघाडीवरच. त्यात समोर सुरुवातीची सोव्हिएत पोरं, घाईघाईने तयार केलेली, कित्येकांच्या विमानात धड रेडिओसुद्धा नाही. ३५२ हा शौर्याचा आकडा आहेच, पण माणसं बदली न करणाऱ्या व्यवस्थेचाही आहे. उरलेल्यांना शिकवायला फारसं कुणी मागे आलं नाही, म्हणून १९४४ ची जर्मन पोरं माशांसारखी पडली.

२४ ऑगस्ट १९४४ ला त्याने तीनशेचा आकडा ओलांडला. हिऱ्यांचं पदक मिळालं. साऱ्या जर्मन सैन्यात ते सत्तावीस जणांनाच मिळालं, आणि हा तेव्हा बावीस वर्षांचा होता. ते घ्यायला हिटलरकडे गेला. नुकताच हिटलरवर बॉम्बहल्ला झालेला, त्यामुळे आत जाताना पिस्तूल काढून ठेवा असं पहारेकरी म्हणाले. विश्वास नसेल तर पदकच नको, असं हार्टमन म्हणाला आणि पिस्तूल लावूनच आत गेला. चरित्रात हा किस्सा मोठ्या चवीने येतो.

मला तो वाचून राग आला. पिस्तुलाबद्दल नाही म्हणता येतं, हे या माणसाला माहीत होतं. मग बाकीचं? ज्या फौजेवर त्याचं विमानदल आकाशातून छत्र धरत होतं, त्या फौजेच्या मागून ज्यू वस्त्यांवर मारेकऱ्यांच्या टोळ्या फिरत होत्या. लेनिनग्राड उपाशी मेलं. सोव्हिएत संघाची अडीच कोटींहून जास्त माणसं त्या युद्धात गेली. त्या जाड पुस्तकात याबद्दल जवळजवळ काही नाही. सगळं निळं आकाश, पांढरे ढग, सभ्य शत्रू. वैमानिकाला वरून खालचं दिसत नाही, ही सबब अर्धी खरी आहे. रात्री तो जमिनीवरच झोपत होता.

तरी 'नाही' म्हणायची त्याची ताकद युद्ध हरल्यावर दिसायला लागते, आणि हेच मला या चरित्रातलं सगळ्यात विचित्र वाटतं. ८ मे १९४५ ला, शरणागतीच्या दिवशी, त्याने ब्रनो शहरावर शेवटचं विमान पाडलं. वरिष्ठांचा निरोप आला: तू आणि तुझ्या विमानदलाचा प्रमुख ग्राफ, दोघे विमानं घेऊन इंग्रजांकडे उडून जा, रशियनांच्या हाती सापडू नका. दोघांनी तो हुकूम मोडला. तळावर निर्वासित बायका, पोरं, म्हातारी माणसं मोठ्या संख्येने होती. विमानं जाळून ते त्यांच्याबरोबर पायी निघाले आणि अमेरिकनांना शरण गेले. अमेरिकनांनी काही दिवसांतच सगळ्यांना रशियनांच्या ताब्यात दिलं. पुढे त्या बायकांचं जे झालं, ते चरित्रातलं सगळ्यात भयानक पान आहे.

नंतर साडेदहा वर्षं छावण्या. सोबत्यांवर हेरगिरी कर, म्हटलं, नाही. पूर्व जर्मनीच्या नव्या हवाई दलात ये, म्हटलं, नाही. डिसेंबर १९४९ मध्ये युद्धगुन्हेगार म्हणून शिक्षा झाली. नागरिकांवर गोळीबाराच्या आरोपाशेजारी, महागडी सोव्हिएत विमानं नष्ट केल्याचाही आरोप होता. म्हणजे ज्या आकड्यावर अभ्यासक शंका घेतात, तो सोव्हिएत कोर्टाने बिनतक्रार मान्य केला होता! जानेवारी १९९७ मध्ये रशियाच्या लष्करी अभियोक्त्यांनी ती शिक्षा रद्द ठरवली. तोवर हार्टमनला जाऊन तीन वर्षं झाली होती.

बायको उर्सुला, शाळेपासूनची मैत्रीण, लग्न सप्टेंबर १९४४ चं. मे १९४५ मध्ये मुलगा झाला, १९४८ मध्ये गेला. बापाने त्याला पाहिलंच नाही. १९५५ मध्ये चॅन्सेलर आडेनाउअर मॉस्कोला गेले आणि शेवटचे सुमारे दहा हजार कैदी सोडवून आणले, त्यांत हार्टमन होता. उर्सुला तोवर थांबली होती. आमच्याकडे एवढं थांबणाऱ्या बाईला सती म्हणून हळद-कुंकू लावून गप्प बसवतात. तिला त्या दहा वर्षांबद्दल काय वाटत होतं, हे त्या पुस्तकाने नीट विचारलंच नाही, अशी माझी तक्रार आहे.

१९५६ मध्ये तो पश्चिम जर्मनीच्या नव्या हवाई दलात परतला. १९५९ मध्ये त्याला ७१ वं लढाऊ विमानदल मिळालं. विमानं सेबर, कॅनडात बनलेली. युद्धात आपल्या विमानाच्या नाकावर जी काळ्या पाकळ्यांची नक्षी तो काढून घ्यायचा, तीच त्याने या सेबरवर काढवली. पश्चिम जर्मनीने वापरून झालेली अशी नव्वद सेबर १९६६ मध्ये इराणच्या नावाने विकली गेली आणि पोहोचली पाकिस्तानात. बोयऱ्यावर आपल्या नॅटनी गाठली ती याच कॅनेडियन जातीची सेबर.

आणि मग आलं स्टारफायटर. अमेरिकेच्या लॉकहीडचं एफ-१०४. आवाजाच्या दुप्पट वेग, सुईसारखं अंग, पंख इतके आखूड की इंजिन बंद पडलं तर दगडासारखं खाली यावं. मूळ काम स्वच्छ हवेत उंच जाऊन शत्रू अडवण्याचं. जर्मनीने त्यात जास्तीची यंत्रं कोंबली आणि युरोपच्या धुक्यात, जमिनीलगत, बॉम्ब घेऊन उडायला लावलं. चालवायला सेबरवरून उठून आलेली तरुण पोरं.

ग्लायडरच्या शाळेतला माणूस या विमानाबद्दल काय म्हणेल, हे सांगायला नको. हार्टमन म्हणाला, आपली पोरं अजून या विमानाला तयार नाहीत, आधी सोपी विमानं द्या, मग हे. तोंडावर म्हणाला, वरच्यांना म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणाला. राजकीय सौदा आधीच झालेला होता. विमानदलाची कमान त्याच्याकडून गेली, त्याला कार्यालयांतल्या खुर्च्यांवर बसवलं. त्याच्याच जुन्या दलातले रॉल आणि स्टाइनहॉफ जर्मन हवाई दलाचे प्रमुख झाले. जगात सर्वांत जास्त विमानं पाडणारा माणूस १९७० मध्ये कर्नल म्हणूनच निवृत्त झाला.

जर्मनीने ९१६ स्टारफायटर घेतली. २९२ अपघातांत गेली, ११६ वैमानिक मेले, युद्ध नसताना. १९६५ च्या सुमारास सरासरी दर पंधरा दिवसांना एक पडत होतं. लोक त्याला 'विधवा करणारं' म्हणायला लागले. १९६६ मध्ये हवाई दलाचे प्रमुख पानिट्स्की यांनी ही खरेदी राजकीय होती असं उघड बोलून दाखवलं, तर त्यांनाच जावं लागलं. त्यांच्या जागी स्टाइनहॉफ आले. त्यांचा चेहरा एप्रिल १९४५ मध्ये जेट विमानात भाजून विद्रूप झालेला होता. त्यांनी प्रशिक्षण, दुरुस्ती, वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची, सगळं बदलायला घेतलं आणि अपघात कमी झाले. जे हार्टमन आधी सांगत होता, ते कित्येक पोरं गेल्यावर मान्य झालं.

हे वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं, कारण मला आपलं मिग-२१ दिसत होतं. ते तर 'उडती शवपेटी' हा शब्द घेऊनच आपल्या वर्तमानपत्रांत वावरलं. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं मिग-२१ कोसळलं. पोरगा मराठी घरातला, वडील स्वतः हवाई दलातून निवृत्त झालेले. दोष वैमानिकाचा, असा शिक्का बसला. आई कविता गाडगीळ यांनी तो मानला नाही. वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, विचारत राहिल्या, हवाई सुरक्षेसाठी मुलाच्या नावाने संस्था उभी केली. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले: घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक गेले, शिवाय ३९ सामान्य नागरिक. शेवटचं मिग-२१ निवृत्त झालं ते सप्टेंबर २०२५ मध्ये.

मिग-२१ ने १९७१ मध्ये देशाला साथ दिली, हे मी विसरत नाही. स्टारफायटर चालवणाऱ्या कित्येक जर्मनांनीही त्या विमानावर प्रेम केलं. विमान वाईट की चांगलं, हा वाद मला घालायचाच नाही. वैमानिक 'आज नाही' म्हणतो तेव्हा त्याचं ऐकणारा वरती कुणी आहे का, एवढंच मला विचारायचं आहे. कामशेतला छत्री शिकवणारे पोरांना पहिला धडा हाच देतात. कापडाचा वातकुक्कुट बघतात, हातातला वायुमापक धरतात, आणि मुंबईहून पैसे भरून आलेल्या माणसाला डोंगरावरून पायी खाली आणतात. पैसे भरलेले असूनही.

हार्टमन निवृत्तीनंतर छोट्या विमानांवर नवशिक्यांना शिकवायचा. २० सप्टेंबर १९९३ ला गेला, वाइल इम शोनबुखमध्येच, जिथे आईने ग्लायडरचा क्लब काढला होता.

संध्याकाळी पोती शिवताना मी आबांना स्टारफायटरचं सांगितलं. एकशे सोळा पोरं.

"ही मोजली?"

"ही मोजली, आबा. नावानिशी."

तुम्हाला कधी जुन्या बाजारात हार्टमनचं पुस्तक सापडलं, तर घ्या. पण आधी शेवटची प्रकरणं वाचा, सेबर आणि स्टारफायटरची. विमानं पाडल्याची पानं नंतरही वाचता येतील.